तनुजाच्या तारखेला सात मालक

वारजे, पुणे

ती. साईनाथराव यांना अभयचा नमस्कार. आपला गुडघा बरा झाला आणि लोणी काळभोरात आपलं सकाळचं फिरणं पुन्हा सुरू झालं, असं पद्मजाने सांगितलं (तिला तिच्या बहिणीकडून कळलं; आपल्या दोघा साडूंना एकमेकांच्या तब्येती बायकांकडूनच कळतात). बरं वाटलं. तनुजाच्या लग्नाची खरेदी जोरात असेल. नेमकं त्याबद्दलच लिहायचं आहे. फोनच केला असता, पण आमच्या घरात फोन स्पीकरवर असतो.

आमच्या मंगल कार्यालयात तारखांची जाड वही जाऊन सॉफ्टवेअर आलं. ते बसवायला आलेल्या मुलीने बजावलं होतं, की एकेकाला वेगळे अधिकार देत बसू नका, गट करा: मालक, व्यवस्थापक आणि फक्त पाहणारे. मालकाने तारीख द्यावी-खोडावी, व्यवस्थापकाने तपशील भरावा, बाकीच्यांनी पाहावं. ज्याचं जे काम, तो त्या गटात. इतकं साधं होतं. पण आपल्याकडे काम बघून कोणी कोणाला कुठे बसवतं का? थोरले बंधू म्हणाले, मी काय रस्त्यावरचा बघ्या आहे का. त्यांना मालक केलं. मग वहिनी कशा मागे राहतील. मग आमोद. तो आपल्या दोघांचाही मेहुणा. त्याला व्यवस्थापक केलं असतं, तर पद्मजाने मला आठवडाभर पिठल्यावर ठेवलं असतं (मला पिठलं आवडतं, हे तिला अजून कळलेलं नाही). असं करत करत सात मालक झाले. व्यवस्थापक व्हायला कोणीच तयार नाही. उरली रुकसाना. बारा वर्षं सगळा कारभार ती एकटी ओढते. पण ती पगारी, म्हणून फक्त पाहणारी.

गेल्या महिन्यात पाच डिसेंबरची नोंद उडाली. आपल्या तनुजाची. रुकसानाने ते तिथल्या तिथे पाहिलं. तेवढाच अधिकार तिला होता. तिने सातही मालकांना फोन लावले. बंधूंचा पासवर्ड चष्म्याच्या डबीत आणि डबी कात्रजला लेकीकडे. वहिनींनी आपण मालक असल्याचं मान्य केलं आणि संगणक कुठे असतो ते विचारलं. मी जेवून झोपलो होतो. आमोदचा फोन एका बिल्डरशी बोलण्यात गुंतला होता; मला जाग येईपर्यंत त्याने, भाचीची तारीख न आठवता, रिकामी दिसलेली ती तारीख त्या बिल्डरच्या मुलाच्या लग्नाला देऊन टाकली. आता त्यांच्या पत्रिकाही वाटून झाल्या आहेत.

घरात बैठक बसली. सगळ्यांनी आमोदकडे पाहिलं. "भाऊजी, मी तारीख दिली, खोडली नाही," एवढंच तो म्हणत राहिला. मीही त्याच्याकडेच पाहत होतो. तेव्हापासून तो आमच्याकडे फिरकलेला नाही.

काल मी सगळी घडी नीट बसवली. मालक एकच, मी. रुकसाना व्यवस्थापक. बाकीचे पाहणारे. त्यांना अजून सांगितलेलं नाही, त्यामुळे सगळे समाधानी आहेत. आपण गुडघ्याला तेल लावत राहावं.

आपला,
अभय

ता. क. : चौदा डिसेंबर रिकामी आहे. मुहूर्तही आहे, गुरुजींना विचारलं. तनुजाला आपणच सांगाल का? माझी हिंमत होत नाही.

ता. क. २ : कोणी काय खोडलं याची नोंद सॉफ्टवेअरमध्ये वेळेसकट राहते आणि ती फक्त मालकांच्या गटाला दिसते, हे मला काल कळलं. म्हणून बाकीच्या सहा जणांना घाईघाईने काढलं. पाच डिसेंबर खोडणाऱ्याच्या जागी तिथे माझं नाव आहे. नुसतं 'तनुजा' लिहिलेलं पाहून मला ती सॉफ्टवेअर बसवणाऱ्या मुलीने सरावापुरती केलेली नोंद वाटली. फार लाज वाटते आहे. आमोदला हे मीच सांगणार, पण आपण शेजारी बसलात तरच. रविवारी याल का?