ओ मामा, ए मामा

ता. ६

चि. सौ. धाकटीस,
अ. उ. आ.

तुझी लेक आमच्याकडे रुळली, काळजी नसावी. तुमच्याकडची शाळा सातवीला संपते म्हणून ती इथे आली खरी, पण तुझ्या वहिनीला वाटतं की ती खास तिच्यासाठीच आली. दोघी मिळून माझ्या घोरण्यावर तक्रारी करतात.

काल हायस्कूल उघडलं. नव्या मुलांना वर्ग दाखवायचं काम दरवर्षी माझ्याच गळ्यात पडतं. शिपायाला न विचारता आमच्या इमारतीत कुणाला काही सापडेल तर शपथ! चौदा नंबरची खोली अकराच्या शेजारी, आणि बारा नंबर तुला सापडला तर मलाही कळव. सकाळपासून जिन्याखाली उभा होतो. पाण्याच्या टाकीपासून डावीकडे, प्रयोगशाळेचा वास आला की थांबा, हे इतक्यांदा सांगितलं की घसा बसला. तरी एक बाईसाहेब थेट दहावीत जाऊन बसल्या आणि हजेरी होईपर्यंत हलल्या नाहीत. 'ओ मामा, ओ मामा' ऐकून कान किटले. भाची एकच, पण भाचरं चारशे!

ठकूला वर्ग बरोबर सापडला. आदल्या दिवशी संध्याकाळी मी तिला सगळी शाळा फिरवून दाखवली होती. आजपासून मी तिच्या आधी अर्धा तास निघतो, किल्ल्या माझ्याकडे असतात ना. तिने पुढच्या फाटकाने यावं, मी मागच्या. तेच बरं पडतं.

खुशाली कळवत जा. माया आहे तशीच राहू दे.
तुझा दादा

ता. ९

ती. आईस,
सा. न. वि. वि.

मी मजेत आहे असं लिहून पत्र संपवणार होते. दोन कागद फाडले. आई, मी फार वाईट वागले आहे आणि ते तुझ्याशिवाय कुणाला सांगू कळत नाही.

पहिल्या दिवशी फाटकापाशी तीन मुलींशी ओळख झाली. एकीची आई डॉक्टर आहे. आठवी ब कुठे ते कुणालाच माहीत नव्हतं. मला माहीत होतं. माझा बाक कुठला असावा हेसुद्धा मामाने दाखवलं होतं, खिडकीजवळचा. पण तुला कसं माहीत असं त्या विचारतील, म्हणून मी गप्प राहिले. मग त्यांनी मलाच पुढे ढकललं, त्या शिपायांना विचार म्हणून.

मामा मला बघून हसला. हातातला खडू खिशात टाकून तो पुढे आला. आणि मी म्हटलं की अहो काका, आठवी ब कुठे आहे, जरा सांगाल का?

त्याचं हसू तिथेच राहिलं. मग त्याने सगळं नीट सांगितलं, टाकी, डावीकडे, वास, आणि मला 'ताई' म्हणाला. त्यावर डॉक्टरांची मुलगी हसायला लागली, म्हणाली की काका काय, ह्यांना तर सगळी शाळा मामा म्हणते! तिला तिच्या मोठ्या बहिणीने सांगितलं होतं. तेव्हा मामाच म्हणाला की असू दे, नवीन आहे ती, शिकेल.

आई, नुसतं मामा म्हटलं असतं तरी कुणाला काही कळलं नसतं. सगळी शाळा म्हणते. मी एकटीच म्हटलं नाही.

घरी तो ह्याबद्दल एक अक्षर बोलला नाही. मामीलाही सांगितलं नाही. मला वाढताना ती लाडाने बोलते आणि माझ्या घशाखाली घास उतरत नाही. त्याच्यासमोर मान वर होत नाही. मी परत येऊ का?

तुझी,
ठकू

ता. १३

चि. ठकूस,
अ. आ.

परत यायचं नाही. तोंड लपवायला आईचा पदर चांगला असतो, पण त्यात शाळा होत नाही.

तुझं पत्र वाचून आधी तुझा राग आला. मग आठवलं, निघताना तुझी वेणी घालता घालता मीच म्हटलं होतं की शाळेत मामाच्या मागे मागे करू नकोस, मुली चिडवतील. तू विसरली असशील, मी विसरलेले नाही. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? तुझ्या बाबांकडच्या माणसांना मी पंधरा वर्षं सांगत आले की दादा हायस्कुलात 'ऑफिसात' असतो. कुणी पुढे विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. ज्याने मला सायकलवर पुढे बसवून शाळेत नेलं, त्याची मला लाज वाटली. आता त्या लाजेचीच लाज वाटते, आणि ती तुझ्या लाजेपेक्षा पंधरा वर्षांनी जुनी आहे.

घरी कोपऱ्यात गाठून माफी मागू नकोस. तो हसण्यावारी नेईल आणि तुझी सुटका होईल. हाक जिथे चुकली तिथेच ती सुधार. माझं ऑफिसाचं त्याला सांगू नकोस, ते माझं मी बघीन.

जेवत जा. मामीचा जीव तुझ्यात आहे, तो सांभाळ.
तुझी आई

ता. १९

चि. सौ. धाकटीस,
अ. उ. आ.

तुझ्या लेकीने काल मला शाळेत बोलणी खायला लावली, म्हणून मुद्दाम हे पत्र.

मधली सुट्टी संपत आली होती. व्हरांडा पोरांनी भरलेला, मी घंटेपाशी हातोडी घेऊन उभा. समोरून ठकू येताना दिसली, सोबत पहिल्या दिवशीच्या त्याच तिघी; तिने तुला लिहिलंच असेल. खरं सांगतो, मी दाराआड व्हायला निघालो होतो. तिला अवघड नको, असं मनाला सांगत होतो. पण मलाच पुन्हा 'काका' ऐकायचं नव्हतं. एवढा बाप्या माणूस, एका शब्दाला भ्यालो.

तेवढ्यात ती त्या टोकावरून ओरडली, ए मामा, डबा घरीच विसरलास की!

सगळा व्हरांडा वळून बघायला लागला. मला सगळे 'ओ मामा' म्हणतात, 'ए' कुणी म्हणत नाही. गणिताच्या सरांनी तिला तिथेच धरलं, मोठ्या माणसाला अरेतुरे करतात का म्हणून. कानापर्यंत लाल झाली, पण सरांना म्हणाली की माझा सख्खा मामा आहे तो, मी त्याला 'ए'च म्हणते. आणि रडायला लागली. त्या डॉक्टरांच्या मुलीने तिच्या हातातला माझा डबा धरला म्हणून बरं, नाहीतर भाजी सांडली असती. मग सर माझ्याकडे वळले, की घरचे लाड शाळेत चालणार नाहीत. मी हो म्हटलं.

बावीस वर्षांत पहिल्यांदा घंटा चार मिनिटं उशिरा झाली. आज आम्ही दोघं पुढच्या फाटकाने गेलो.

आणखी एक. तुझ्या सासरी मी 'ऑफिसात' असतो, हे मला पहिल्या वर्षापासून ठाऊक आहे. तुझे ते लग्नाला न आलेले दीर एकदा शाळेत आले होते, ऑफिसात माझी चौकशी करत. मीच त्यांना पाणी दिलं आणि साहेब रजेवर आहेत म्हणून सांगितलं. मनाला लावून घेऊ नकोस. घंटा ऑफिसाच्या दाराबाहेरच टांगलेली आहे. चार पावलांचा तर फरक.

येशील तेव्हा पुढच्या फाटकाने ये.
तुझा दादा