पाठीवर टेकवलेली बोटं

आई, आज तिसगावात एका बाईनं मला असं काही सांगितलं की माझं डोकंच चालेना, म्हणून तुला लिहायला बसलेय. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी अडलं की मी तुलाच विचारते. कमाल आहे माझी.

मी आता गावोगाव डोळे तपासत फिरते. मोबाईलला पुढं छोटं भिंग आणि दिवा बसवलेला असतो. माणसाला खुर्चीत बसवायचं, डोळ्यात उजेड सोडायचा, फोटो काढायचा. मोतीबिंदू असला तर पडद्यावर पांढुरकं दिसतं आणि फोनच सांगतो, दवाखान्यात पाठवा. कुणाला काही विचारावंच लागत नाही.

तुझ्या वेळी विचारायचे. शाळेच्या व्हरांड्यात शिबिर होतं, डॉक्टर लांबून बोटं दाखवायचे, "मावशी, किती?" तू त्याच शाळेत खिचडी शिजवायचीस. डोळ्यांचं कळलं तर काम जाईल, म्हणून रांगेतच मला दटावलंस, "मला समदं दिसतंय. तू फकस्त मागं उभी ऱ्हा, अन् पाठीवर बोटं टेकव." मी टेकवली. आधी तीन, मग दोन. "वा मावशी, नजर तर तरण्या पोरीसारखी!" डॉक्टर म्हणाले. घरी येताना आपण दोघी पोट धरून हसतोय. हसतोय गं! पुढं तू मला नुसत्या आवाजावरून ओळखायला लागलीस, आणि शेवटी दवाखान्यात नेलं तेव्हा म्हणाले, आतली नस गेली, आता ऑपरेशनचा उपयोग नाही.

आजची बाई तेव्हाच्या तुझ्याच वयाची. दिवाळीनंतर नवऱ्याबरोबर ऊसतोडीला निघायची. दोन्ही डोळे पांढरे. माझा हात धरून कुजबुजली, "ताई, फोनला सांग ना, दिसतंय म्हनून. मुकादमाला कळलं तर आमची जोडी मोडंल. ह्यो एकटा काय तोडनार?" मी म्हटलं, "अहो, कोयता पायावर बसला तर?" "इतकी वर्सं न्हाई बसला." मी फोटो पाठवला. ऑपरेशनची तारीख आली ती नेमकी त्यांची टोळी निघायच्या आठवड्यातली. ती उठली आणि तडक निघून गेली. मी बरोबरच केलं ना? मग चोरी केल्यासारखं का वाटतंय? की तुझ्या डोळ्यांची भरपाई मी तिच्याकडून करून घेतली? खरंच कळत नाही. तू असतीस तर तिचीच बाजू घेतली असतीस आणि मला चार शिव्या हासडल्या असत्यास, एवढं मात्र नक्की.

हे पत्र टाकणार कुठं, वहीतच राहील. म्हणून एक सांगून टाकते. तुझं काम जाऊ नये म्हणून मी बोटं टेकवली, असं आजवर सगळ्यांना सांगत आले, तुलाही. पण ऑपरेशन झालं असतं तर तुझं सगळं करायला मला महिनाभर घरी थांबावं लागलं असतं, आणि मला त्याच आठवड्यात नगरला होस्टेलवर जायचं होतं. तू 'टेकव' म्हणालीस तेव्हा मला हायसं वाटलं होतं, आई.