यंदाचं गाऱ्हाणं

४ जुलै
दत्तारामला जन्म मी दिला, अक्कल द्यायची राहून गेली! जेवताना म्हणतो, "आई, यंदा गणपतीत गाऱ्हाणं बबनकाका घालतील. बाबांचं डोकं आता साथ देत नाही." बाप शेजारच्याच खुर्चीत! बहिरा समजलास काय रे त्यांना? हे मान खाली घालून भात कालवत राहिले. कालवतच राहिले.

लग्न होऊन आले तेव्हापासून घरात गाऱ्हाणं ह्यांचंच. कागद नाही, पाठांतर नाही. समोरच्या माणसाच्या तोंडाकडे बघायचं आणि त्याचं दुखणं-खुपणं देवाला सांगायचं. बाकीच्यांनी म्हणायचं — व्हय म्हाराजा. झालं.

५ जुलै
गेल्या वर्षीचा घोळ मात्र खरा. बबनभावजींकडे बघून, "ह्या लेकराला बारावी पास कर रे म्हाराजा," आणि क्षितिजाकडे बघून, "ह्याची शुगर उतरव!" बबनभावजी साठीचे, नात सतराची. व्हय म्हाराजा म्हणता म्हणता सगळे फिस्सकन हसले. क्षितिजा तर लोळली. तेव्हापासून ह्यांनी तोंडाला कुलूप लावलंय. खाली कट्ट्यावर जात नाहीत, पेपर उलगडत नाहीत. दिवसभर बाल्कनीत.

आज सून, रसिका, हळूच म्हणाली, "विसरण्याचा आजार असेल का हो, आई?" असेल तर असेल. घाबरतंय कोण! अक्षर वाकडं आलंय — पेन खराब आहे.

११ जुलै
आज कळलं! खाली वॉचमनचा शर्ट खुर्चीवर वाळत होता, हे त्या शर्टालाच विचारतात — "क्या भैया, कैसे हो?" घरी आणलं, समोर उभी राहिले. "मी कोण?" तर म्हणतात, "आवाज ओळखला. नुसती उभी असतीस तर नसतं सांगता आलं."

मग डोकं कुठे बिघडलंय? तोंडच दिसत नाही तर कोणाचं दुखणं कोणाचं, ते कळणार कसं?
"बोलला का नाहीत?"
"आंधळा म्हटलं असतं."
"आणि वेडा म्हटलेलं चाललं?"
उठून बाल्कनीत गेले.

१४ जुलै
आमच्या शांती नगरातल्याच डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. डॉक्टर म्हणाला, "माँजी, आँख से कम दिखे तो दिमाग को भी काम कम मिलता है. आदमी चुप हो जाता है, उलझ जाता है." सगळं डोळ्यांमुळेच असेल असं नाही म्हणाला, पण आधी डोळे करू, मग डोकं तपासू. पटलं मला. गिरणीत दाणेच पडले नाहीत तर पीठ कुठून येणार!

२३ जुलै
उजवा डोळा झाला. ऑपरेशनला आत नेतानासुद्धा माझा हात सोडत नव्हते. लाज आणली.

२ ऑगस्ट
डोळ्यात थेंब घालायची नेमणूक माझी. बाटली घेऊन गेले तर रसिका म्हणते, "आई, आत्ताच घातलेत ना तुम्ही!" घातले असतील. इतकी माणसं घरात, कोण काय करतं कळतं का? हे काळ्या चष्म्यातून माझ्याकडे बघत राहिले.

१६ ऑगस्ट
डावाही झाला. माणूस सुटलाय! पंख्यावरची जळमटं, क्षितिजाची लाल बट, माझी ठिगळाची उशी — सगळ्यावर टीका. कट्ट्यावर पत्ते खेळून जिंकून येतात. दत्तारामने स्वतःहून म्हटलं, "बाबा, गाऱ्हाणं तुम्हीच घाला." बबनभावजी फोनवर म्हणाले, "सुटलो गं, वहिनी!"

फक्त माझ्याकडे टक लावून बघतात.
"काय बघता?"
"भाजीत मीठ दोनदा टाकलंस."
म्हटलं, डोळे आपल्या पानात बघायला दिलेत! माझी नजर लख्ख आहे, सुईत दोरा ओवते अजून.

२७ ऑगस्ट
गणपती बसले. ह्यांनी एकेकाच्या तोंडाकडे बघून गाऱ्हाणं घातलं. भावजींची शुगर भावजींकडे, क्षितिजाचं कॉलेज क्षितिजाकडे. शेवटी माझ्याकडे वळले. "बा म्हाराजा, हिचे डोळे बरे आहेत. पण हल्ली हिच्या ध्यानात राहत नाही. मी झाकलं तसं ही झाकते. हिला सांभाळ."

कोणी व्हय म्हणेना. सगळे मखराकडे बघत बसले.

काय गरज होती म्हाताऱ्याला! पण खोटं नाही बोलला.

उद्या आरतीनंतर ह्यांना हेच गाऱ्हाणं पुन्हा घालायला सांगणार आहे. मी गप्प राहीन. व्हय म्हाराजा दत्तारामने म्हणायचं. मोठ्याने. माझ्या तोंडाकडे बघून.