तुमच्या हाताच्या मापाचं युकुलेले

प्रिय अहो,

परवा तुमचं मोठं युकुलेले मी देऊन टाकलं. ते सांगायलाच लिहायला बसले. संसारभर तुम्हाला 'अहो' म्हणत आले, म्हणून वर तेवढंच लिहिलंय. तुमचं नाव लिहायला आताही हात धजत नाही. आणि घरात काही घडलं की ते तुम्हाला सांगितल्याशिवाय मला घडल्यासारखंच वाटत नाही. त्याला मी काय करू?

ते युकुलेले घरात कसं आलं, आठवतं ना? तुमच्या डाव्या अंगावरून लकवा गेला. पाय सावरला, पण डाव्या हाताची बोटं मिटलेलीच राहिली. डॉक्टरांनी दाबायला रबरी चेंडू दिला होता. तो तुम्ही कोपऱ्यात भिरकावलात. म्हणालात, "साऱ्या जिंदगीत शाळेतली पोरं खेळवली. आता मीच चेंडू खेळत बसू का?"

मंग वैशाली पुण्याहून ते चार तारांचं लहान वाद्य, पहिलं युकुलेले, घेऊन आली. "बाबा, याच्या तारा नायलॉनच्या असतात, बोटं कापत नाहीत. नुसत्या दाबून तर बघा." शेजारच्या शांताबाईंनी ते पाहिलं आणि मला विचारलं, "मास्तरांची सतार धुतल्यावर आटली का हो?" किती दिवस हसत होतो आपण!

पण ते वाजेना. तुमची बोटं जाड, त्यात आखडलेली. एक तार दाबायला जावं तर शेजारचीही दबायची, आणि सुराऐवजी नुसता ठक्क आवाज यायचा. तुम्ही चिडायचात. मी म्हटलं, "लेकरांचं असंल ते. मोठ्या माणसाचं आणा की."

तुमच्यातला मास्तर तिथं जागा झाला. निवडायला घेतलेल्या तुरीच्या डाळीचं ताट माझ्यासमोरून बाजूला सारलंत आणि मला समोर बसवलंत.

"लहान म्हंजे लेकरांचं, असं न्हाई निर्मला. चांगले चांगले वाजवणारे बी हेच वाजवतात. माप वयाचं न्हाई बघायचं, हाताचं बघायचं. ह्याची मापं चार. हे सोप्रानो, समद्यात लहान. त्याच्यापेक्षा जरा मोठं कॉन्सर्ट, त्याच्याहून मोठं टेनर. दांडी लांबली की ह्या आडव्या पट्ट्या एकमेकींपासून लांब जातात, बोटाला जागा होते. आवाजबी भरतो. पण ह्या तिघांच्या तारा एकाच सुरात लावतात. एकावर शिकलेलं दुसऱ्यावर चालतं, बराबर?"

"अन् चौथं?"

"बॅरिटोन. ते लई मोठं. त्याच्या तारा खाली लावतात. बोटं तशीच ठेवली तरी सूर दुसराच निघतो."

"म्हंजे तीन भाऊ एकत्र, अन् चौथा वेगळा निघालेला," मी म्हटलं. तुम्ही खूश झालात. मला मात्र वाटलं होतं, ही पातेली आहेत, एकात एक बसणारी. तसं बोलले नाही इतकंच.

आपण बसनं संभाजीनगरला गेलो. दुकानात तुम्हाला टेनर आवडलं. काय भारदस्त आवाज होता त्याचा! पण तारा ताठ, पट्ट्या लांब लांब. तुमची करंगळी तिथवर जाईना. तुम्ही पुन्हा पुन्हा हात ताणून पाहिलात आणि ते मुकाट्यानं परत ठेवलंत. तुमचं ते तोंड मला बघवेना. मंग कॉन्सर्ट हातात घेतलंत. बोटं ठेवलीत, उजव्या अंगठ्यानं तारा छेडल्यात. चारही तारा मोकळ्या बोलल्या. तुम्ही माझ्याकडं वळून म्हणालात, "लागलं बघ." येताना ते वर सामानात ठेवू दिलं नाहीत, मांडीवरच घेऊन बसलात.

मंग रोज संध्याकाळी तेच तेच सूर. मी स्वयंपाकघरातून ओरडायचे, "आता बस करा." तुम्ही कधी ऐकलंत का?

हात सुधारत आल्ता. बोटं उघडायला लागली होती. अन् तुम्ही छातीतल्या कळेनं गेलात. हाताचा एवढा अभ्यास केलात, छातीत दुखतं हे एकदा तरी बोलायचं होतं. मी तुमच्यासमोरच तर बसलेली असायचे.

वैशालीकडं जाऊन आले. लेक चांगली, जावई चांगले. पण दोघं कामावर गेले की त्या घरात कोणाचा पाय वाजत नाही. परत आले, तर इथंही तेच. दुपारी बसस्टँडवरचा भोंगा ऐकत पडते. कुठली गाडी लागली, कुठली सुटली. कोणीतरी कुठंतरी निघालंय, एवढंच कळतं. एखाद्या दिवशी दूधवाल्याशी बोलले तेवढंच बोलणं. बाजारातसुद्धा शांताबाईच जातात माझ्यासाठी. दार ओढून एकटीनं निघावं असं वाटतच नाही.

तर परवा सकाळी दारात मायलेकी. टेंभुर्णीच्या कांताबाई आणि त्यांची अश्विनी.

"मास्तर हाईत का?"

काय सांगू त्यांना? तुमच्या हाताचे डॉक्टरच त्यांना म्हणाले होते, जाफराबादच्या मास्तरांना भेटा, त्यांनी तारा दाबून दाबून हात सुधारलाय. तुम्ही गेल्याचं त्यांनाही ठाऊक नसावं. मी सांगितलं, तशा कांताबाई मागं सरल्या. "आमाला म्हाईत न्हवतं, बाई. राग मानू नका. निघतो आम्ही."

मी त्यांना बसवलं. अश्विनी जालन्याला नर्सिंग शिकते. सोयाबीन काढायच्या दिवसांत घरी आल्ती, मळणीयंत्रात डावा हात गेला. बोटं वाचली, पण मिटत नाहीत नीट. ओढणीखाली हात लपवून बसली होती. म्हणाली, "शिक्षण सुटतंय बघा काकू. पेशंटची शीर धरायची कशी ह्या हातानं?"

मी लहान युकुलेले काढून दिलं. पोरीचा हात बारीक, हेच बसेल, असं वाटलं. आणि तुमचं माझ्याकडं राहील, हेही मनात होतंच. तिनं बोटं ठेवली. दोन बोटं एकमेकांवर चढली, ठक्क आवाज आला. तिनं पुन्हा दाबून पाहिलं, पुन्हा ठक्क. "बराबर हाये काकू. आदत पडंल," म्हणाली, आणि तोंड खाली घातलं.

मला बघवलं नाही. आत जाऊन तुमचं आणलं.

बोटांना जागा झाली. पहिल्यांदा एक तार अडकली, दुसऱ्यांदा चारही बोलल्या. ती स्वतःच दचकली. "हे कोणाचं?"

"मास्तरांचं."

तिनं लगेच पुढं केलं. "न्हाई काकू, हे न्हाई नेत. आठवण हाये ती."

मी म्हटलं, "आठवणी माझ्याकडं लई हाईत. डावा हात तुला एकच हाये."

मंग माप कसं बघायचं, तीन भाऊ एकत्र कसे अन् चौथा वेगळा कसा, सगळं सांगत सुटले. कांताबाईंनी विचारलं, "बाई, तुमी बी वाजवता का?" म्हटलं, "न्हाई. ऐकत आले."

त्यांची जीप वळणावर दिसेनाशी झाली, आणि तुम्हाला नेलं तेव्हा जे रडू आलं नव्हतं ते आलं. उंबऱ्यातच बसून राहिले. मी बरोबर केलं ना?

आज अश्विनीचा फोन आला. "काकू, ऐका," म्हणाली आणि फोन जवळ ठेवून वाजवलं. एकदा चुकलं, मंग स्वच्छ लागलं. ऐकण्याच्या नादात मी बोलायचंच विसरले. तिला वाटलं फोन कटला. "हॅलो, काकू? हाईत का तुमी?"

"हाये," मी म्हटलं. "मी हाये इथंच."

अहो, तुम्हाला एक वचन देते. तिची बोटं नीट मिटेपर्यंत दर गुरुवारी घराला कुलूप लावून, तिचं वाजवणं ऐकायला टेंभुर्णीच्या जीपमध्ये बसेन. शेजारी कोणी का बसेना, त्याच्याशी बोलेन.

तुमची,
निर्मला