मागणीचा नारळ

गुरुजी, गेल्या सोमवारी सकाळी आंघोळ करून, देवापुढे दिवा लावून मी पिशवीत एक नारळ घातला आणि सायकल काढली. जायचं होतं आपल्या गोलकीपरच्या घरी. 'आपला' म्हणायची सवय आहे, पण आता तो शेजारच्या गावच्या, कोंढ्याच्या संघाकडून खेळतो, आणि तिकडे गेला तो माझ्यामुळे. त्याचं घर आलं. त्याची आई अंगणात सडा टाकत होती. माझा पाय पॅडलवरून खाली आलाच नाही. मी तसाच पुढे मारुतीच्या देवळापर्यंत गेलो आणि नारळ तिथे फोडला. पुजाऱ्याने विचारलं, "आज कायचा नवस जी?" मी म्हटलं, "असाच." माणसासमोर उभं राहायची हिंमत झाली नाही म्हणून देवाच्या आड लपलो, हे त्या मारुतीला तरी कळलंच असेल. घरी येऊन बायकोच्या हातावर प्रसाद ठेवताना मान वर झाली नाही.

तुम्ही शाळेतल्या पोरांना घेऊन आपला फुटबॉल क्लब काढलात, तेव्हा खेळाडू घ्यायची तुमची एक रीत होती. तुम्ही आमच्या घरी आलात तो दिवस माझ्या डोळ्यांपुढे आहे. धान निघालेलं आहे, ओसरीत पोती रचलेली आहेत, आणि तुम्ही धोतर सावरून पोत्यांना टेकून बसता. बाबा घाबरून माझ्याकडे बघतात. "का केलं गा यानं शाळेत?" तुम्ही हसता, पिशवीतून नारळ काढून आईपुढे ठेवता आणि म्हणता, "तुमच्या पोराले क्लबासाठी मागाले आलो." मुलगी मागायला यावं तसं! आई मला कुंकू लावते, नारळ देवापाशी जातो. बाबांनी जन्मात फुटबॉल पाहिला नव्हता. पण त्या दिवसापासून प्रत्येक सामन्याला ते मैदानाशेजारच्या तळ्याच्या, आपल्या बोडीच्या पाळीवर सगळ्यांच्या आधी जाऊन बसायचे, आणि चेंडू आमच्याच तेव्हाच्या गोलकीपरच्या हातात असला तरी ओरडायचे, "मार, मार!" सगळी पाळ हसायची. मला लाज वाटायची. तेव्हा भलत्याच गोष्टीची लाज वाटायची, गुरुजी.

एकदा मी तुम्हाला विचारलं होतं, त्या जाड्या बॅकला कायले घेतलं, त्याले तर धावताही येत नाही. तुम्ही चपलेतला खडा काढत होता. वर न बघता म्हणालात, "त्याच्या मागं त्याची अख्खी टोली, सारी वस्ती धावत येते. तुह्या मागं कोण येते, तुहा बाप? धावणं मी शिकवतो त्याले. तू तोंड बंद ठेवणं शीक." त्या बॅकला तुम्ही खरोखरच धावायला शिकवलंत. मी मात्र ते ऐकून विसरलो.

आता सचिव मी आहे. पाळीवरची माणसं कमी होत चालली होती. पोरं मोबाईलवर परदेशातले सामने बघतात, गावचा खेळ त्यांना फिका वाटतो. कमिटीत ठरलं की नागपूरकडचे नावाजलेले खेळाडू आणायचे. ज्यांचे व्हिडिओ हजारो लोक बघतात त्यांना घेतलं, की ते हजारो लोक आपले होतील, असा माझा हिशोब. एक फॉरवर्ड आणला, एक गोलकीपर आणला. आपल्या गोलकीपरला मी सांगितलंसुद्धा नाही. मोबाईलवरच्या ग्रुपमधून त्याचं नाव काढलं, त्यावरून त्याला कळलं. कमिटीतले एक म्हातारे काका म्हणाले, "त्याच्या घरी जाऊन तरी या." तेव्हा मी म्हटलं, "गुरुजी असते तर त्यांनीही हेच केलं असतं." तुमचं नाव निघाल्यावर विषय तिथेच मिटला.

पहिल्या सामन्याला गर्दी झाली. बाहेरगावच्या मोटारसायकली आल्या, फॉरवर्डसोबत फोटो निघाले. पुढच्या सामन्याला त्याचा पाय दुखावला होता, तर मोटारसायकलीही आल्या नाहीत. ती माणसं त्याची होती, आपली नव्हती. सामना झाला की आपले पाहुणे खेळाडू गाडीत बसून ढाब्यावर जेवायला जायचे. गावातल्या एका घराचं पाणीसुद्धा त्यांच्या पोटात गेलं नव्हतं. मग आपल्याच मैदानावर कोंढ्याशी सामना लागला. त्यांच्या गोलात आपला पोरगा. त्याने आपल्या फॉरवर्डचा चेंडू झेप घेऊन अडवला आणि अख्खी पाळ उभी राहिली, आपली पाळ! शेजारची म्हातारी पदर सावरत मला म्हणाली, "सचिव साहेब, आपला गोल कोणता जी? आमाले समजूनच नाही राहिलं." बायका तोंडाला पदर लावून हसल्या. सामना हरलो तसा मी आपल्या संघाला पाणी द्यायच्या निमित्ताने तिथून उठलो.

आज सकाळी दुसरा नारळ घेऊन निघालो, आणि आज त्या घरात गेलो. नारळ ठेवला, हात जोडले. त्याचे वडील म्हणाले, "आता कोंढ्यावाल्यायचा नारळ घेतला आमी. पोरगा यंदा त्यायचा." मी म्हटलं, यंदा मागत नाही. पोरगा आतून बाहेर आला. "काका, शिव्या देऊन काढलं असतं ना, तरी चाललं असतं. ग्रुपमधून काहून काढलं?" मी त्याला सांगितलं की तुमच्या नावावर मी खोटं बोललो; गुरुजींनी असं कधीच केलं नसतं, आणि हे कमिटीतही सांगणार आहे. तो दाराची कडी हलवत राहिला. मग आईला म्हणाला, "चहा मांड." तिने नारळ उचलून देवापाशी नेला. "राहू द्या इथं," ती म्हणाली, "पुढच्या धानाले पाहू."

हे पत्र कुठे पाठवायचं हे माहीत असतं, तरी पाठवलं नसतं. तुमच्या लाल शाईची भीती अजून जात नाही. नारळ त्या घरी पोचला, एवढं तुम्हाला सांगायचं होतं. पण खरं सांगतो, आजही माझी सायकल देवळाकडेच निघाली होती. त्याच्या आईने अंगणातून हाक मारली, "रोज रोज कुठं जाता जी, या की," म्हणून उतरलो.