परत येणारा फोल्डर

गल्ली नंबर पाच, धुळे
६ एप्रिल

प्रिय मेघा,

हे पत्र फाडू नकोस. निदान पहिलं पान तरी वाच, कारण तुझी आई जिंकली आहे आणि ही बातमी सांगायला घरात दुसरं कोणी नाही. फोन तू दिवाळीपासून उचलत नाहीस. मेसेज वाचल्याच्या दोन निळ्या खुणा तेवढ्या मिळतात, त्यावर मी पाच महिने काढले. टेलिफोन खात्यात बत्तीस वर्षं नोकरी केलेल्या बाईवर पोटच्या पोरीला पत्र लिहायची वेळ आली, याचं मला हसू येतंय. राग मात्र नाही. राग धरायचा हक्क तुझाच आहे.

गेल्या आखाजीच्या सणाला तू घरी आलीस तेव्हा मला शेजारी बसवून स्वतःच्या डोळ्यांदेखत तुझा बायोडाटा माझ्या कॉम्प्युटरवरून काढायला लावलास. लग्न करायचं नाही, हे तू तेव्हा चौथ्यांदा सांगत होतीस, आणि मी तुझ्या डोक्यावर हात ठेवून कबूल केलं होतं की तुझं नाव आता यादीत नाही. तरी श्रावणात तुला शिरपूरहून एका मुलाच्या काकांचा फोन आला. मी माफी मागितली, तुझ्या बायोडाट्याचा फोल्डर पुन्हा काढला. तर दिवाळीच्या आधी चाळीसगावच्या इंजिनिअरची आई थेट तुझ्या ऑफिसात फोन करून मोकळी. पाडव्याला तू दारात बॅग घेऊन उभी राहिलीस आणि म्हणालीस, "आई, तू खोटं बोलतेस की विसरतेस, तेवढं सांग. दोन्हींतलं काय जास्त वाईट, ते मलाच कळत नाहीये." मी गप्प राहिले. तू मेंदूच्या डॉक्टरांचा नंबर फ्रिजवर चिकटवून निघून गेलीस.

तो नंबर रोज फ्रिजमधून दूध काढताना डोळ्यांसमोर यायचा. तुझ्या आजीचं शेवटी काय झालं ते आपण दोघींनी पाहिलंय. वच्छलाबाई अशी हाक मारली की ती इकडेतिकडे बघायची, कोणाला बोलावताहेत म्हणून. मला तिचीच भीती बसली. भाजीत मीठ घातलं की नाही, हे मी दोनदा चाखून बघायला लागले. आणि मेघा, माझ्यासारख्या बाईला ही भीती म्हणजे केवढा अपमान! निम्म्या धुळ्याचे नंबर मला तोंडपाठ होते, तुझे बाबा कौतुकाने चारचौघांत माझी परीक्षा घ्यायचे.

माझं काम तुला माहीत आहे, पण तू कधी नीट पाहिलं नाहीस, म्हणून सांगते. आपल्या समाजाच्या मंडळाची वधू-वर यादी मी आठ वर्षं सांभाळते. आपल्यात निम्मी मंडळी पाटील. नुसती नावं वाचून कोण कुठला कळणार? म्हणून फोल्डर उघडला की मला मोठमोठे फोटो दिसायला हवेत, मग चेहरा पाहिला की गाव, घर, मामेकुळी सगळं आठवतं. पडद्यावर डावीकडे मुली, उजवीकडे मुलं, आणि खालच्या कोपऱ्यात 'ठरलेले'. लग्न ठरलं की बायोडाटा उचलून त्या कोपऱ्यात टाकायचा. एक्स्चेंजच्या बोर्डावर जसा न बघता हात जायचा तसाच इथेही जातो.

जुना कॉम्प्युटर जळला तेव्हा ओळखीच्या भूपेंद्रने त्याचा कॉम्प्युटर क्लास बंद करताना तिथल्या उरलेल्यांपैकी एक मला आणून दिला, हे दीड वर्षापूर्वीचं. पेन ड्राइव्हवरची जुनी सगळी यादी त्याने पडद्यावर आणून ठेवली (मोठे फोटो आणि मांडणी मी नंतर माझ्या हाताने केली), नव्या नोंदी कॉम्प्युटरच्या दुसऱ्या, नव्या कप्प्यात ठेवायला सांगितलं आणि चहा पिता पिता म्हणाला की अक्का, आता काहीही करा, हा बिघडणार नाही. मी त्याला आणखी एक चहा दिला. विकणारा माणूस आपल्या मालाची तारीफ करतो, तशी ती तारीफ समजले.

त्यानंतर तमाशा सुरू झाला. एखाद्या सकाळी बघावं तर फोटो गायब, मुंगीएवढ्या अक्षरांत नावांची रांग. माझी नवी मांडणी मोडलेली, कोपऱ्यात टाकलेले बायोडाटे पुन्हा आपापल्या जुन्या जागी. मी सगळं परत लावायची. कधी चार दिवस टिकायचं, कधी दुसऱ्याच दिवशी जायचं. रोज बिघडलं असतं तर मी यंत्राला दोष दिला असता. पण कधी राहतं, कधी जातं म्हटल्यावर मला वाटायला लागलं, की काल मी लावलंच नसेल. ज्याला विचारावं तो वेगळा उपाय सांगायचा. एकाने व्हायरस काढून दिला, एकाने नवा घ्या म्हटलं, एकाने 'ऑटो अरेंज'ची खूण काढायला सांगितली. ती खूण मी इतक्या वेळा काढली की माऊसलाही पाठ झाली असेल. फोल्डर कसे दिसावेत तेही ठरवून 'अप्लाय टू फोल्डर्स' करून पाहिलं. पहिले पाढे पंचावन्न.

जानेवारीत कहर झाला. पिंपळनेरच्या एका मुलीचं जामनेरला ठरलं होतं, सुपारी फुटली होती, आणि मी तिचा बायोडाटा साक्रीच्या एका घरी पाठवून बसले. साक्रीवाल्यांनी मुलीच्या घरी फोन केला, ते जामनेरला कळलं, आणि एकच मुलगी दोन घरी दाखवता का, म्हणून जामनेरवाले लग्न मोडायला निघाले. मुलगी माझ्यापुढे येऊन रडली. मी जामनेरवाल्यांचे पाय धरायचेच बाकी ठेवले होते. मंडळाचे अध्यक्ष रुपचंद नाना घरी आले आणि म्हणाले की अक्का, खूप केलं तुम्ही, आता आराम करा, मार्चच्या सभेत यादी दुसऱ्या कोणाकडे देऊ. इतकं गोड बोलले की मला ठसका लागला.

ते गेल्यावर मी तू फ्रिजवर चिकटवलेला डॉक्टरांचा नंबर हातात घेतला, आणि खरं सांगते, फोन लावायलाच बसले होते. तेवढ्यात मला माझं तक्रार टेबल आठवलं. फोन बंद पडला की आम्ही गिऱ्हाइकाला वेडं ठरवत नव्हतो. आधी लाइन तपासायचो, रोजची नोंद ठेवायचो. म्हटलं, सुलक्षणाबाई, आपलीही तक्रार नोंदवून घ्या.

खालच्या मजल्यावर जरीना शिवणकाम करते. तिच्याकडून चौकटीचा कागद आणला. रोज संध्याकाळी पडद्यावर काय कुठे आहे, ते कागदावर काढायचं, जरीनाने वर येऊन ताडून बघायचं आणि खाली सही करायची. सकाळी पुन्हा दोघींनी बघायचं. बारा दिवस हे चाललं. मी वीज गेल्याची वेळही लिहीत होते, कारण तक्रार टेबलावर तो रकाना असायचाच. बाराव्या दिवशी कागद ओळीने पलंगावर मांडले, तर चार वेळा मांडणी मोडली होती आणि चारही वेळा त्याआधी वीज गेली होती. मी मशीन कधी बंद करत नाही, नुसतं 'स्लीप'वर टाकून झोपवते. एक्स्चेंज कधी कोणी बंद केलंय का? म्हणजे ते फक्त वीज गेली की नव्याने चालू व्हायचं, आणि नव्याने चालू झालं की सगळं विसरायचं. जरीनाच्या समोर मी बटण बंद केलं, चालू केलं. फोटो गेले, मांडणी गेली, 'ठरलेले'मधली माणसं पुन्हा बिनलग्नाची झाली. जरीनाने गळ्यातली टेप काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "बाजी, भूलता तो ये है."

मेघा, मी खुर्चीवर बसून रडले. हसतही होते. जरीना घाबरून पाणी घेऊन आली.

मग भूपेंद्रला फोन लावला. तो आता साक्रीला असतो. मी सगळं सांगितलं तसा तो अगदी निरागसपणे म्हणाला, "अक्का, त्याले मी कुलूप लायेल शे ना. तुमनं काही बिघडाले नको म्हनीसन." क्लासमधली पोरं कॉम्प्युटरशी खेळून वाट लावतात, म्हणून तिथे असं एक सॉफ्टवेअर ठेवतात. दिवसभर काहीही करा, यंत्र नव्याने चालू झालं की कुलूप लावलं त्या दिवशी होतं तसं. नवा कप्पा तेवढा त्यातून मोकळा, म्हणून माझ्या नव्या नोंदींना कधी धक्का लागला नाही. दीड वर्षं माझं यंत्र एकाच दिवसात अडकून पडलं होतं, आणि ते काम त्या भल्या माणसाने माझ्या काळजीपोटी केलं होतं. त्याला काय रागवायचं?

कुलूप काढायला पासवर्ड लागतो, आणि तो भूपेंद्र विसरला होता! वय वर्षं चौतीस. डोकं खाजवून एवढंच म्हणाला की क्लासचा जुना लँडलाइन नंबर होता, पण तो आता कोणाला आठवणार, फोन काढूनही कितीतरी वर्षं झाली. मी त्याला फोन चालू ठेवायला सांगितलं. त्याच्या क्लासची लाइन दर पावसाळ्यात पाणी शिरून बंद पडायची आणि त्याचे वडील तक्रार टेबलावर येऊन माझ्याशी भांडायचे. तो नंबर मी रजिस्टरमध्ये किती वेळा लिहिला असेन! घड्याळाशेजारच्या चिन्हावर भूपेंद्रने सांगितलं तशी टिचकी मारली, चौकट आली, आणि मी सहा आकडे न थांबता दाबले. उघडलं. पलीकडे भूपेंद्र नुसता "अक्का, अक्का" करत राहिला.

त्याने सांगितलं तसं कुलूप कायमचं काढलं. डावीकडे मुली, उजवीकडे मुलं, फोटो मोठे. नंतर मी भिंतीतला प्लगच उपटला. पुन्हा लावला, चालू केलं, सगळं जागच्या जागी. असं पाच वेळा केलं. यंत्राला बरं नाही हे, पण माझ्या जिवाला बरं वाटलं.

सभेला मी कॉम्प्युटर घेऊन गेले. रिक्षात डबा माझ्या मांडीवर आणि पडदा जरीनाच्या, चादरीत गुंडाळलेला. बारा कागद सगळ्यांच्या हातातून फिरवले. मग पुन्हा प्लग उपटून दाखवला. नानांनी प्रत्येक कागदावरची सही वाचली, चष्मा काढला आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "अक्का, चूक आमनी शे. यादी तुमनापाशीच राही." तिथूनच त्यांनी जामनेरला फोन लावला. ते लग्न गेल्या गुरुवारी झालं. मला मानाची साडी मिळाली, मोरपिशी. तुला आवडेल अशी नाही, मला आवडली.

हे सगळं वाचून तू म्हणशील, आईने उत्तर शोधलं, ती विसरत नव्हती आणि खोटंही बोलत नव्हती. तुझा फोल्डर यंत्रच परत आणत होतं. इथेच पत्र संपवून जिंकल्यासारखं मिरवावं, असं मला दोन दिवस वाटत होतं. पण हे पत्र त्यासाठी लिहिलेलं नाही. श्रावणातला फोन यंत्रामुळे आला, सगळ्या मुलींची यादी एकदम पाठवली तेव्हा बारीक अक्षरांत तुझं नाव मला दिसलं नाही. चाळीसगावचा फोन माझ्यामुळे आला. काढलेला फोल्डर पुन्हा दिसला, तेव्हा तो कसा आला याची मी चौकशी केली नाही, कारण तो पाहून मला आनंद झाला होता. देवालाच हे हवं असेल अशी मनाची समजूत घातली आणि तुझा फोटो उघडून, बघून, जाणूनबुजून पाठवला. दारात तू विचारलंस तेव्हा मी गप्प राहिले, कारण विसरणारी आई ठरणं मला खोटारडी ठरण्यापेक्षा सोपं वाटलं. डॉक्टरांची भीती खरी होती, पण तिच्याआड मी लपलेही होते. मेघा, मी तुझ्याशी एकदा खोटं बोलले, आणि ते फार मोठं होतं. मला माफ कर. काल दुपारी मी तुझा बायोडाटा काढून टाकला, नव्या कप्प्यातही शोधला, पेन ड्राइव्ह पुसला, आणि यंत्र तीनदा बंद करून चालू केलं. तो आला नाही. आता पुन्हा तुला कोणाचा फोन आला, तर कुठल्याच यंत्रावर ढकलायची सोय मला राहिलेली नाही.

तुझा फोन आलाच, तर तो उचलायला बसलेली,
तुझीच
आई