अडीच वाजताची झोप

प्रिय आई,

स्वरालीला मुलगी झाल्याचं कळल्यापासून शौनक नुसता घरभर फिरतोय. मामा झालो, मामा झालो! जणू कळा यानेच सोसल्या. बाळाचं नाक तुमच्यावर गेलंय म्हणे, आता नाशिकला कुणाचं काही चालायचं नाही. इकडे सगळं ठीक. तुळशीला पाणी घालते, दूध मात्र रोज उरतं. रोज रात्री फोन होत असताना हे पत्र कशाला, असं तुम्हाला वाटेल. अहो, फोन हॉलमध्ये, शौनक शेजारी, आणि तुम्ही पहिलंच विचारता, ‘जेवलीस का नीट?’ त्यानंतर माझ्या तोंडून काही निघत नाही.

डब्याबद्दलच सांगायचंय. गेल्या वर्षी जूनमध्ये, दुपारी अडीच वाजता लंडनवाल्यांशी फोन चालू असताना मला चक्क डुलकी लागली. बारीक घोरलेसुद्धा. तिकडच्या साहेबाने विचारलं, लाइनमध्ये काही बिघाड आहे का? बढती तिथेच लटकली. मग नेटवर वाचलं, दुपारी भात, बटाटा, तूप, वर गोड असं पोटभर झालं की पुढचे दोन तास डोकं मंद चालतं. म्हणजे आपला डबाच की! पण तुम्ही पाचला उठून तो चार मजली डबा भरायचात. वरण-भात नाही ते जेवण कसलं, हे तुमचं ठरलेलं. तुम्हाला ‘भात नको’ म्हणायची माझी काय टाप होती? आणि टाकून द्यायला हात होईना. ताटात शीतसुद्धा टाकायचं नाही, हे माहेरीही तेच आणि तुमच्याकडेही तेच.

तेव्हा आमच्या हडपसरच्या ऑफिसच्या गेटवर गेनबा म्हणून राखणदार होता. हिंगोलीकडचा, पन्नाशी उलटलेला, जवळच मांजरी गावात एका खोलीत बायकोबरोबर राहणारा. सकाळी अकराला उभ्याउभ्या भाकरी आणि ठेचा खायचा, वर तांब्याभर पाणी प्यायचा, की संध्याकाळपर्यंत टक्क जागा. कुणाची गाडी कुठल्या नंबरची, सगळं तोंडपाठ. मला वाटलं, बिचारा कोरडी भाकरी खातो, आपला डबा याला द्यावा. आई, खरंच मनापासून वाटलं हो. माझी अडचण सुटली हेही तितकंच खरं. मी कॅन्टीनमध्ये मोडाची उसळ आणि काकडी खायला लागले आणि अडीचच्या फोनवर पोपटासारखी बोलायला लागले. तो डबा घासूनपुसून लख्ख करून परत द्यायचा. तो बघून तुम्ही खूश. दिवाळीत बढती मिळाली तेव्हा तुम्ही अख्ख्या सोसायटीला सांगितलंत, माझ्या हातचं खाऊन मिळाली म्हणून. मी पेढा तोंडात धरून उभी होते.

गेनबा मात्र दुपारी पेंगायला लागला होता. आधी नुसती मान हलायची, मग खुर्ची भिंतीला टेकवून बसायला लागला. एक दिवस मला थांबवून म्हणाला, ‘ताई, तुमी शिकलेल्या. जेवलं की डोळ्यावर पडदाच येतोय. काय झालं असंल मला?’ आणि आई, मला माहीत होतं. अक्षरन् अक्षर वाचलं होतं मी. पण मी काय म्हणाले? ‘रक्त तपासून घ्या.’ त्याने अर्ध्या दिवसाची रजा काढून तपासून घेतलं, काही निघालं नाही. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा त्याच्या हातात डबा ठेवला. शुक्रवार होता, तुम्ही शिरा दिला होता आणि अडीचला माझं लंडनवाल्यांपुढे सादरीकरण होतं.

जानेवारीत, तुम्ही नाशिकला जायच्या आदल्या आठवड्यात, भर दुपारी कुणीतरी दोन लॅपटॉप पिशवीत घालून त्याच्यासमोरून चालत गेला. गेनबा खुर्चीत मान टाकून होता. संध्याकाळी त्याच्या एजन्सीने त्याला काढलं. मी आमच्या हिंमतरावांकडे गेले, ऑफिसची व्यवस्था ते बघतात. म्हटलं, माझ्या डब्यामुळे झालं हे. ते हसायलाच लागले. ‘मॅडम, जेवतात सगळेच. झोपला तो, गेला तो.’ मी परत जागेवर येऊन बसले. त्याहून वाईट म्हणजे रात्री घरी मी हाच किस्सा गंमत म्हणून सांगितला, राखणदारच कसा झोपला ते. तुम्ही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलात. तुमच्याबरोबर मीही हसले. लाज वाटते हो आई, आता फार लाज वाटते.

महिनाभर तो दारोदार फिरला. झोपला म्हणून काढलेला राखणदार कोण ठेवणार? म्हणून आपल्या सोसायटीचा वॉचमन सोडून गेल्यावर मीच गेनबाला बोलावलं. तुम्ही सेक्रेटरी, तेव्हा बैठक आपल्याच हॉलमध्ये झाली, परवा. यज्ञेश्वरकाकांनी विचारलं, आधीची नोकरी का सुटली? खोटं बोलता आलं असतं त्याला. ‘झोप लागली साहेब. वय झालं असंल,’ म्हणाला. काका म्हणाले, ‘म्हणजे जागायचं आम्ही आणि पगार घ्यायचा तुम्ही. छान!’ सगळे हसले. गेनबाने एकदाच माझ्याकडे बघितलं. मी चहाचा ट्रे धरून उभी होते. दोन शब्द बोलायचे होते फक्त. मी विचारलं, बिनसाखरेचा कुणाला हवाय?

रात्री काकांनी फोनवर तुमचं मत घेतलं आणि तुम्ही म्हणालात, हेमाच्या ऑफिसातला तो झोपाळू ना, नकोच. ते तुम्ही माझ्याच किश्श्यावरून म्हणालात, म्हणून हे पत्र. रविवारी शेवटचं ठरतंय आणि तुमचा शब्द कमिटीत कुणी मोडत नाही. माझ्याने काकांपुढे तोंड उघडवत नाही, दोनदा त्यांच्या दारापर्यंत जाऊन परत आले. तुम्ही त्यांना फोन करा. काहीही सांगा, सून खोटारडी आहे म्हणा, तुमच्या हातच्या अन्नाला जागली नाही म्हणा, पण त्याला ठेवून घ्यायला सांगा. पत्र शनिवारपर्यंत पोचेल का, विचारलं तर पोस्टातला माणूस म्हणाला, सांगता येत नाही. आज सकाळी गेनबाचा ऑफिसात फोन आला होता. माझ्यापायी ताईंना चार माणसांत मान खाली घालावी लागली, म्हणून माफी मागत होता. मी म्हटलं, असू द्या.

तुमचीच,
हेमा